मुक्या जिवांसाठी मंडई

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यातल्या गावांना मंडईचे वेध लागतात. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, मोहाडी, कुठेही जा, गावागणिक दिवस वाटून घेतलेले असतात. दिवसा बाजार, पाळणे, माहेरी आलेल्या लेकींची वर्दळ. सांज झाली की दंडार हे लोकनाट्य. आणि रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याचे, नाटक. रंगमंचाशी ऑर्गन, तबला, ढोलक, हल्ली ऑक्टोपॅडही. गाणे आधी ध्वनिमुद्रित केलेले नसते. नट स्वतः गातो आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ मागतात. कंपन्या बहुतेक देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या. पण नाटक ठेवणारे असते गावातले मंडळ. ते कंपनीशी बोलणी करते, मंडप घालते, तिकिटे खपवते. खर्च वजा जाता काही उरले तर ते शाळेला, देवळाला, व्यायामशाळेला लागते. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची ओळख नव्याने झाली. गाण्या-नाटकातून गावाचे काम काढायची झाडीपट्टीची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी.

या रीतीत एक वेगळा धनी बसवून पाहण्यासारखा आहे: रस्त्यावर गाडीखाली आलेला कुत्रा, पोत्यात घालून नाल्याकाठी सोडलेली मांजराची पिल्ले. मोठ्या शहरांत अशा जिवांसाठी मेळे भरतात. मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’ ही संस्था ‘ॲडॉप्टथॉन’ भरवते आणि रस्त्यावरून उचललेल्या देशी कुत्र्या-मांजरांना तिथे घर मिळते. परदेशात तर प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी गाण्याची मैफल ही नेहमीची गोष्ट. भंडाऱ्यात नाटकाच्या तिकिटातून देऊळ उभे राहते, त्याला कोणी हरकत घेत नाही. तोच पैसा कुत्र्यावर लावायचा म्हटला की दोन प्रश्न येतात, आणि दोन्ही धर्माचे आहेत. करमणुकीच्या मोबदल्यात दिलेला पैसा दान ठरतो का? आणि ज्याला पुण्य कळत नाही, आशीर्वादही देता येत नाही, त्या जिवाचा आपल्यावर हक्क तरी कोणता?

पहिल्या प्रश्नाच्या फार जवळ जाणारा एक मजकूर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला. सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांतला पहिलाच लेख प्राण्यांविषयी आहे आणि उत्सवांविषयीही. जीव मारून आहुती देऊ नये, असे सांगून तो लगेच ‘समाज’ भरवायला मनाई करतो. समाज म्हणजे त्या काळची जत्रा, गाणे-बजावणे, झुंजी आणि खाण्यापिण्याची रेलचेल असलेली. राजाला त्यात पुष्कळ दोष दिसतात. पण त्याच दमात तो कबूल करतो की काही समाज त्याला चांगलेही वाटतात. मग राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब येतो: पूर्वी रोज लाखोंनी प्राणी मारले जात, आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेमाने नाही, पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याची नोंद आहे.

चांगला समाज कोणता, हे पहिल्या लेखात नाही. चौथ्या लेखात त्याचा माग लागतो. तिथे अशोक सांगतो की आता नगाऱ्याचा आवाज हा धम्माचा आवाज झाला आहे, आणि लोकांना विमाने, हत्ती, अग्नीचे लोळ, दिव्य रूपे अशी दृश्ये दाखवली जात आहेत. म्हणजे वाजंत्री आणि देखावा त्याने बंद केला नाही, कामाला लावला. जत्रेतला आनंद त्याला खुपत नव्हता. त्या आनंदासाठी कोणाच्या तरी जिवाने किंमत मोजावी, हे खुपत होते.

हा विचार झाडीपट्टीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. पवनीच्या दक्षिणेला, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवरच्या जुन्या ब्राह्मी लेखात प्राण्यांना पकडण्याची आणि मारण्याची मनाई आहे, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षाही आहे. संशोधक वा. वि. मिराशी यांनी हा लेख अशोकाच्या धर्ममहामात्र या अधिकाऱ्याचा मानला. पुढे वाकाटकांच्या काळात पहिल्या रुद्रसेनाचा लेख त्याच शिळेवर कोरला गेला. खुद्द पवनीत नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीवर मोठा स्तूप उजेडात आला. वैनगंगेच्या काठी जीवदयेचा विचार बाहेरून आलेला नवा पाहुणा नाही.

आता या जिल्ह्यातला दुसरा मोठा उत्सव पाहावा. शंकरपट. लाखनीचा पट जुना आणि नावाजलेला. छकड्याला जुंपलेली बैलजोडी, धुरकऱ्याची आरोळी, सेकंदांत मोजलेली धाव, आणि रात्री त्याच गावात नाटकांचे प्रयोग. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्त कायदे वैध ठरवले. मधल्या वर्षांत पटशौकिनांचा युक्तिवाद असा होता की शर्यतीमुळेच देशी खोंड जपले जातात, त्यांना खुराक मिळतो, नाहीतर ट्रॅक्टरच्या दिवसांत त्यांना कोण पोसणार? विरोधकांचे म्हणणे असे की खुराक धावण्यासाठी असतो, बैलासाठी नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच अशोकाची फोड इथे कामाची ठरते. पटात जनावर मधोमध आहे. उत्सवाचा घाम त्याचा आहे. प्राण्यांसाठीच्या मेळ्यात जनावराने काही करायचे नसते. घाम गायकाचा, पैसा प्रेक्षकाचा, आणि लाभ अशा जिवाचा जो तिथे हजरही नाही.

तरीही तिकिटाचा आक्षेप उरतोच. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परत काही करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, देणे कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. फेड किंवा फळ मनात धरून दिलेले ते राजस. भलत्या जागी, भलत्या वेळी, अवमान करून फेकलेले ते तामस. या कसोटीवर शंभर रुपये देऊन रात्रभर गाणी ऐकणारा माणूस सरळ राजसात जमा होतो. त्याला मोबदला मिळाला. पण त्याच कसोटीची दुसरी बाजू कुत्र्याच्या पारड्यात पडते. परतफेड करू न शकणारा पात्र म्हणून मोडक्या पायाच्या कुत्र्यापेक्षा कोण सरस? तो मत देत नाही, देणगीच्या पाटीवर नाव कोरत नाही, लग्नाला आहेर आणत नाही. देवळाच्या सभामंडपातल्या फरशीवर दात्याचे नाव असते. कुत्र्याच्या नसबंदीची खूण त्याच्या कापलेल्या कानावर असते, आणि तिथे कोणाचे नाव नसते.

बौद्ध परंपरेत हा पेच इतका टोकदार नाही. अंगुत्तर निकायात दानाची अंगे सांगताना दात्याच्या मनाच्या तीन स्थिती येतात: देण्याआधी ते आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी. आनंद हा तिथे दानाला लागलेला डाग नाही, दानाचा भाग आहे. भंडारा जिल्ह्यात हे केवळ ग्रंथात राहिलेले नाही. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे होते. निवडणूक हरले, पण दोनच वर्षांत नागपूरला धर्मांतराचा सोहळा झाला आणि या जिल्ह्यातली गावेच्या गावे त्या वाटेने गेली. तेव्हापासून जयंतीच्या रात्री भीमगीतांची मैफल आणि वर्गणी एकत्रच चालतात. गाणे ऐकल्यामुळे वर्गणीची किंमत कमी झाली, असे तिथे कोणी मानत नाही.

गाडगेबाबांनी तर हा सवाल कृतीनेच निकालात काढला होता. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस दिवसा खराट्याने गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. कीर्तन रंगायचे, लोक हसायचे, त्यांच्याशी सवाल-जबाब व्हायचे, आणि त्याच हशात बाबा देवाला बोकड-कोंबडे कापण्यावर कोरडे ओढायचे. या कीर्तनांच्या बळावर जमलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. बाबा स्वतः मात्र झाडाखाली बसून हातावरची भाकर खायचे. श्रोत्याला कीर्तनाचा आनंद मिळाला, म्हणजे मोबदला मिळालाच. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाच्या हाती तो पैसा पडला, इतकाच काय तो फरक.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: मुक्या जिवाचा हक्क. मराठी मनाला याचे उत्तर कथांतून मिळत आले. गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मुलांनाही ठाऊक असतात. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरलेल्या सशाची लीळा आहे. पारधी ससा मागतात आणि स्वामी शरण आलेला जीव देत नाहीत. भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार याच स्वामींचे शिष्य. इस्लामी परंपरेत विहिरीत उतरून, पादत्राणात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्याला अल्लाने क्षमा केल्याची हदीस आहे. मंडईच्या मैदानात येणाऱ्या कोणत्याही घरात या गोष्टीची एखादी बहीण सापडेल.

या कथांत एक अडचण आहे. त्यांचा नायक माणूस असतो. कुत्रा येतो तो संताची परीक्षा घ्यायला, देव त्याच्या रूपाने आलेला असतो, आणि परीक्षा झाली की कुत्रा कथेतून नाहीसा होतो. महाभारताच्या अखेरीला युधिष्ठिराबरोबर हिमालय चढलेला कुत्राही शेवटी धर्म निघतो. तो साधा कुत्राच निघाला असता तर? युधिष्ठिराने त्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला तेव्हा त्याला हे गुपित ठाऊक नव्हते, म्हणून त्या नकाराला मोल आहे.

त्याच महाभारताच्या आरंभी, आदिपर्वातल्या पौष्यपर्वात, आणखी एक कुत्रे आहे आणि त्याची आठवण क्वचितच निघते. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करीत असतो. सरमा या देवशुनीचे पिल्लू तिथे येते आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आई विचारते, तू काही आगळीक केलीस का? ते म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. उत्तर कोणापाशीच नसते. निरपराध्याला मारलेत, तेव्हा तुमच्यावर न दिसणारे भय येईल, असा शाप देऊन ती निघून जाते. जनमेजय सत्र आटोपल्यावर शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधत हिंडतो. इथे कुत्रीला दया नको आहे. तिला न्याय हवा आहे, आणि राजाला तो देता येत नाही.

जातककथांतल्या कुक्कुर जातकात हाच खटला पूर्ण चालतो. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी साज रात्री पावसात भिजतात आणि कुत्री ते खाऊन टाकतात. राजा हुकूम सोडतो, दिसेल ते कुत्रे मारा. राजवाड्यातली कुत्री तेवढी वगळली जातात. स्मशानात राहणारा कुत्र्यांचा पुढारी, म्हणजे बोधिसत्त्व, दरबारात शिरून विचारतो की ज्यांच्यावर पहिला संशय यावा त्यांनाच वगळून बाकीच्यांना मारणे हा कुठला न्याय? त्याच्या सांगण्यावरून राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजतात, आणि ती चामड्याचे तुकडे ओकतात. राजा ओशाळतो, सर्व जिवांना अभय देतो आणि कुत्र्यांच्या रोजच्या अन्नाची सोय लावतो. कथा जुनी असली तरी तिचा क्रम आजच्या नगरपालिकेनेही ध्यानात ठेवावा असा आहे: आधी चौकशी, मग निवाडा, आणि निवाड्यानंतर पोटाची सोय.

आजचा खटला न्यायालयातही तापलेला आहे. भंडारा ज्याच्या कक्षेत येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी सांगितले की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती दत्तक घेऊन घरी न्यावीत. १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. मग ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात कोंडण्याचा आदेश आला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून निरोगी कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, खाऊ घालण्याच्या जागा ठरवाव्यात. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथली कुत्री हलवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. इतक्या कमी दिवसांत इतकी वळणे घेणारा प्रश्न कुत्राप्रेमी विरुद्ध कुत्राद्वेष्टे एवढा सोपा नसतो.

कारण समोरच्या पारड्यात माणसाचे मूल आहे. भारतात रेबीजने दरवर्षी १८ ते २० हजार माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांत मुले फार. माणसाला होणारा हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. लक्षणे दिसू लागली की उपाय उरत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली १२ लाखांवर महाराष्ट्रात. चाव्याने मूल गमावलेल्या आईला सरमेची गोष्ट सांगून उपयोग नाही. पण कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना लस टोचली तर विषाणूची साखळी तुटते, हेही सिद्ध झालेले आहे. गोव्यात २०१४ पासून ‘मिशन रेबीज’चे पथक गावोगाव जाळी घेऊन फिरले आणि २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. कुत्र्याला टोचलेली सुई मुलालाही राखते. इथे जीवदया आणि स्वार्थ एकाच रांगेत उभे आहेत, आणि धर्मशास्त्र्यांना ते कितीही मिसळलेले वाटले तरी गावाला त्याची अडचण वाटायचे कारण नाही.

जीवदयेच्या आतही वाद आहे. १७६० मध्ये राजस्थानात जैनांचा तेरापंथ स्थापन करणारे आचार्य भिक्षू म्हणत की संकटातला जीव वाचवणे हा लौकिक उपकार आहे, मोक्षमार्गाचा धर्म नव्हे. उंदराला मांजरापासून सोडवले तर मांजराच्या भुकेचे काय, असा तो पेच. बाकीच्या जैनांनी हे मत मानले नाही. पांजरपोळांची परंपरा त्यांच्यामुळेच चालू राहिली. पण भंडाऱ्यात हा पेच पुस्तकी राहत नाही. कोका अभयारण्य जिल्हा मुख्यालयापासून फार लांब नाही, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचे जंगल पवनीच्या शेजारी, नागझिरा साकोलीच्या पलीकडे. जंगलाच्या कडेला मोकाट कुत्र्यांची टोळी चितळाच्या पाडसामागे लागते. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वाघ-सिंहांनाही मारतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात २० हून अधिक सिंह दगावले, त्यांत हा विषाणू सापडला होता. जंगलाकाठच्या गावात कुत्र्यांना भरपूर खाऊ घालायचे आणि लस-नसबंदीचे नाव काढायचे नाही, ही दया चितळाच्या मुळावर येते.

दया कुठे लावायची हे ठरले तरी पैशाचा प्रश्न उरतो: तो कशासाठी गोळा केला, याइतकेच तो कसा टिकला हेही महत्त्वाचे. मुंबईत ६ जून १८३२ रोजी दंगल झाली ती कुत्र्यांसाठी. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारणाऱ्यांना बक्षीस लावले होते. अंत्यविधीत ‘सगदीद’साठी कुत्र्याची नजर पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर आले, दुकाने बंद झाली, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. ती दंगलीच्या आवेशावर चालली नाही. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर पट्टी बसवून घेतली आणि त्या नेमाच्या पैशावर ती टिकली. भुलेश्वरजवळ आजही आहे. याच्या उलट टोकाला १ ऑगस्ट १९७१ चा न्यूयॉर्कमधला बांगलादेशाच्या निर्वासितांसाठीचा जलसा. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी एका दिवसात दोन कार्यक्रम केले, तिकिटांतून अडीच लाख डॉलरच्या आसपास जमले आणि युनिसेफकडे गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे कितीतरी मोठे उत्पन्न अमेरिकेच्या कर-चौकशीत वर्षानुवर्षे अडकले, कारण आधीपासून धर्मादाय नोंदणीची तजवीज केलेली नव्हती. निर्वासित छावण्यांतली भूक तोवर थांबणार नव्हती.

सुरांचाही हिशेब ठेवावा लागेल. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास, मांजराचा ६० हजारांच्या वर. डीजेच्या भिंतीपुढे दत्तक द्यायची पिल्ले पिंजऱ्यात मांडून ठेवणे हा त्या पिल्लांचा छळच, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडची प्राणिदया संस्था यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यातली कुत्री संगीत सुरू असताना जास्त वेळ पहुडली, आणि सौम्य रॉक व रेगे ऐकताना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत निवांतपणाच्या खुणा अधिक स्पष्ट दिसल्या. पण ती कुत्री आपापल्या जागी होती. मंडईच्या रात्री प्राण्यांची छायाचित्रे पडद्यावर दाखवावीत. प्राणी मैदानापासून लांब, अंधारात आणि शांततेत राहू द्यावेत. दत्तक घ्यायला आलेल्या माणसाशी सावकाश बोलणे, त्याचे घर पाहून येणे, हे दुसऱ्या दिवशी उजेडी करता येते.

पैशाचे गणितही गावाच्या आवाक्यातले आहे. केंद्राच्या योजनेत नसबंदीसाठी एका कुत्र्यामागे ८०० आणि मांजरामागे ६०० रुपयांचे साहाय्य धरले आहे. नाटकाचे तिकीट शंभर रुपये धरले तर आठ प्रेक्षकांत एक कुत्री निघते, सहा प्रेक्षकांत एक मांजर. खर्च जाऊन शिल्लक पडलेली पन्नास हजारांची रक्कम या दराने साठेक कुत्र्यांना पुरेल. तालुक्याला ती थेंबासारखी, पण एका गावाला बरीच. मंडळाला हे काम स्वतः करता येणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच शस्त्रक्रिया करावी लागते, कुत्र्याला नंतर काही दिवस ठेवून घ्यावे लागते आणि त्याच्याच जागी सोडावे लागते. तेव्हा नाटकाच्या कंपनीशी जशी आधी बोलणी होतात तशीच अशा संस्थेशी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी व्हावी लागतील, आणि शाळेच्या भिंतीचा जमाखर्च जसा गावापुढे ठेवायचा तसा याचाही ठेवावा लागेल.

यात झाडीपट्टीच्या सोयीची एक गोष्ट आहे. रेबीजविरुद्धची मोहीम तालुक्यात चार कुत्री इथे, चार तिथे अशी चालत नाही; एका गावातली बहुतेक कुत्री एकदम टोचावी लागतात, मग पुढचे गाव. मंडया तशाच भरतात, आज या गावात, उद्या शेजारच्या. आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री बहुतांशी पावसाळ्यात आणि त्यानंतर माजावर येतात, आणि पिल्ले ऑक्टोबर ते जानेवारीत होतात. म्हणजे मंडईच्या दिवसांत गावोगाव नवी पिल्ले असतात, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयापासून टोचतात. दिवाळीला जन्मलेले पिल्लू लशीच्या वयाला येते तेव्हा होळी जवळ आलेली असते आणि नाटकांचा हंगाम उलगत असतो. पहिल्या प्रयोगाला तिकिटे फाडायची, मंडळांनी हंगामभर हिशेब लिहायचा आणि शेवटच्या प्रयोगाच्या आठवड्यात गावात जाळी, सुया आणि पशुवैद्य बोलवायचे, हे वेळापत्रक मंडईनेच आखून ठेवले आहे.